कारखान्यातली टॅली घरून उघडायची, पण कुलूप लावून

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचा कारखाना, टॅलीचा कॉम्प्युटर तिथल्या केबिनमध्ये आणि हिशेब लिहिणारे दिवाणजी जुळे सोलापुरात. जीएसटी भरायच्या दिवशी रात्री नऊला एखादं बिल बघायचं निघतं. मग कोणीतरी सुचवतं, राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं दार) उघडा आणि विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरची स्क्रीन लांबून चालवायची सोय, सरळ इंटरनेटवर आणा. हे करू नका. उघडी पोर्टं शोधणारे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात. ३३८९ दिसलं की पासवर्डचा मारा सुरू होतो, आणि रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरायची ही नेहमीची वाट आहे. नंबर बदलून ३३९० केला तरी दार तेच, पाटी तेवढी बदलली.

बरोबर रीत अशी: आधी वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रामचा एन्क्रिप्टेड बोगदा, म्हणजे दोन मशीनमधली कुलूपबंद खासगी वाट, टाकायचा आणि रिमोट डेस्कटॉप फक्त त्या बोगद्यातून वापरायचं. वायरगार्ड फुकट आहे, २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे आणि विंडोजसाठीही त्याचं अधिकृत अॅप मिळतं. ज्याची किल्ली (ओळख पटवणारी अक्षरांची लांब ओळ) ओळखीची नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. टॅलीचा डेटा फोल्डर शेअर करून घरच्या टॅलीत उघडायचा मोह मात्र टाळा. लाइन मध्येच तुटली तर डेटा बिघडायची भीती असते. रिमोट डेस्कटॉपमध्ये नुसतं स्क्रीनचं चित्र येतं-जातं, डेटा कारखान्यातच राहतो.

आधी दोन गोष्टी तपासा

पहिली, कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर विंडोज प्रो हवं. होम आवृत्तीवर रिमोट डेस्कटॉपने बाहेरून शिरता येत नाही. प्रोवरही एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. घरून लॉगिन झालं की केबिनमधली स्क्रीन लॉक होते, ती बिघाड नव्हे.

दुसरी, आणि इथेच निम्मे लोक अडकतात: तुमच्या लाइनला खरा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येणारा स्वतःचा पत्ता, आहे का? राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा आणि मग ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या कुठल्याही साइटवर बघा. दोन्ही पत्ते सारखे असतील तर ठीक. वॅन आयपी १०० ने सुरू होत असेल आणि त्यातला पहिल्या टिंबानंतरचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. तिथे राउटरवर कितीही पोर्टं उघडली तरी बाहेरून काही पोचणार नाही. केबलवाल्याकडून स्टॅटिक (न बदलणारा पब्लिक) आयपी घ्या, नाहीतर टेलस्केल वापरा. तेही आतून वायरगार्डच आहे आणि त्याला पोर्ट उघडावं लागत नाही. मात्र त्याच्या किल्लीची मुदत मुळात १८० दिवसांची असते. कारखान्यातल्या मशीनसाठी ती मुदत बंद केली नाही, तर सहा महिन्यांनी नेमक्या गडबडीच्या दिवशी कनेक्शन गळतं. शिवाय ज्या खात्याने लॉगिन करता त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावाच.

बोगदा टाकणं

कारखान्यातल्या कॉम्प्युटरला राउटरमधून कायमचा आयपी द्या, समजा १९२.१६८.१.५०. वायरगार्डमध्ये ‘अॅड एम्प्टी टनेल’ दाबलं की किल्ल्यांची जोडी आपोआप तयार होते. त्यात अॅड्रेस १०.४४.०.१/२४ आणि लिसन पोर्ट ५१८२० लिहा. घरच्या लॅपटॉपवर तसंच करा, तिथे अॅड्रेस १०.४४.०.२/२४. आता फक्त पब्लिक किल्ल्यांची अदलाबदल करायची. पब्लिक किल्ली व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी बिघडत नाही, प्रायव्हेट किल्ली ज्या मशीनवर बनली तिथून कधीही हलू द्यायची नाही.

कारखान्याकडे ‘पिअर’मध्ये (समोरच्या मशीनच्या नोंदीत) लॅपटॉपची पब्लिक किल्ली आणि अलाउड आयपी (बोगद्यातून जाऊ द्यायचे पत्ते) १०.४४.०.२/३२; /३२ म्हणजे तेवढा एकच पत्ता. लॅपटॉपकडे कारखान्याची किल्ली, एंडपॉइंट म्हणून पब्लिक आयपी आणि ५१८२०, अलाउड आयपी १०.४४.०.१/३२, पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५. नेटवरचे धडे बघून अलाउड आयपीत ०.०.०.०/० टाकू नका. तसं केलं की लॅपटॉपचं सगळं इंटरनेट कारखान्याकडे वळतं आणि या मांडणीत तिथेच अडकून पडतं. /३२ ठेवल्याचा आणखी एक फायदा: घर आणि कारखाना दोन्हीकडे १९२.१६८.१ चंच नेटवर्क असलं तरी टक्कर होत नाही.

राउटरवर ५१८२० पोर्ट १९२.१६८.१.५० कडे वळवा, पण यूडीपी म्हणून. यूडीपी आणि टीसीपी हे डेटा पाठवायचे दोन प्रकार; सवयीने टीसीपी निवडलं की काहीच चालत नाही. पोर्ट उघडलंय का हे साइटवर तपासायला जाऊ नका. वायरगार्ड अनोळख्याला उत्तर देत नाही, म्हणून साइट बंदच दाखवणार.

विंडोज फायरवॉलमध्ये यूडीपी ५१८२० साठी इनबाउंड नियम जोडा. मग ‘रिमोट डेस्कटॉप’चे नियम उघडून ‘स्कोप’मध्ये रिमोट आयपी १०.४४.०.०/२४ एवढाच ठेवा. बोगद्याचं नेटवर्क विंडोज बहुधा ‘पब्लिक’ धरतं, म्हणून नियमात तीही खूण करा. दिवाणजींसाठी साधं, अॅडमिन नसलेलं खातं आणि लांब पासवर्ड. चार आकडी पिन रिमोट डेस्कटॉपला चालत नाही, आणि रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज बाहेरून आत घेतच नाही.

चाचणी मोबाइलच्या डेटावर घ्या, कारखान्याच्या वायफायवर नको. ‘लेटेस्ट हँडशेक’ची (दोन्ही मशीनची ओळख पटल्याची) ओळ दिसली की बोगदा जोडला गेला. मग रिमोट डेस्कटॉपमध्ये १०.४४.०.१ टाका.

बिघडतं कुठे

हँडशेक होतो पण स्क्रीन काळीच राहते: पाकिटं लाइनला मोठी पडताहेत. दोन्हीकडे वायरगार्डमध्ये एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १२८० लिहा.

काल चालत होतं, आज नाही: पब्लिक आयपी बदलला असेल. डीडीएनएसचं (बदलत्या आयपीमागे फिरणारं) नाव वापरत असाल तरी वायरगार्ड ते नाव बोगदा चालू करतानाच बघतं, म्हणून एकदा बंद करून पुन्हा चालू करा.

हँडशेकच नाही, बाकी सगळं बरोबर: लॅपटॉपचं घड्याळ बघा. मदरबोर्डचा सेल संपून तारीख मागे गेली, तर आधीच्यापेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक समोरचं मशीन जुनी नक्कल समजून फेकून देतं. यावर तासन्‌तास जातात आणि शेवटी बदलायचा असतो तो एक सीआर२०३२ सेल.

लाइट गेली: बायॉसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ करा, विंडोजची स्लीप बंद करा. बोगदा चालू स्थितीत सोडला असेल तर तो लॉगिनच्या आधीच उभा राहतो. यूपीएसवर कॉम्प्युटरबरोबर राउटर आणि फायबरचा डबाही हवा, हे हटकून विसरलं जातं. मशीन रात्रंदिवस चालू राहणार, तेव्हा मागाच्या तुसाने भरलेला पंखा महिन्यातून एकदा झाडून घ्या. मे महिन्याच्या उन्हात बंद केबिनमध्ये तेच मशीन आधी आडवं पडतं.

प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली द्या. वायरगार्ड पासवर्ड विचारत नाही, लॅपटॉप ज्याच्या हाती त्याच्यासाठी बोगदा खुला. म्हणून लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावा आणि रिमोट डेस्कटॉपचा पासवर्ड सेव्ह करू नका. लॅपटॉप एसटीत राहिला किंवा माणूस नोकरी सोडून गेला, तर कारखान्याकडच्या फाइलमधून त्याचा ‘पिअर’ उडवून सेव्ह करा आणि त्याचं विंडोजचं खातंही त्याच दिवशी बंद करा.