संत्रासालीचे कार्बन डॉट: उजेड विझला म्हणजे टेट्रासायक्लिन सापडलं असं नाही

कार्बन डॉट म्हणजे अतिनील (यूव्ही) प्रकाशात चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक पाण्यात असलं की त्यांचा उजेड मंदावतो, त्यावरून ते ओळखतात. डॉट बनवायला संत्र्याच्या साली, धानाचं तूस, पऱ्हाट्या... विदर्भात कच्च्या मालाची वाण नाही. तालुक्याच्या कॉलेजातही निळा उजेड पहिल्याच खेपेला दिसतो. चुका होतात त्या पुढे, तो कशाने विझला हे ठरवताना.

भट्टीतल्या चुका

साली धुऊन सावलीत खडखडीत वाळवा. बागेत बोर्डो मिश्रण फवारलं असेल तर सालीवरचं तांबं द्रावणात उतरतं आणि डॉटचा उजेड आधीच दाबतं, म्हणून धुण्यात आळस नको. एका प्रयोगमालिकेला एकाच बहाराची साल वापरा. आंबिया आणि मृग मिसळले की दर खेपेला उजेड वेगळा येतो.

2 ग्रॅम पूड, 60 मिली डिस्टिल्ड वॉटर, 100 मिलीचं टेफ्लॉनचं भांडं, 180 अंशांवर 8 तास. दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. 180 अंशांना नुसत्या पाण्याचाच दाब 10 बारच्या आसपास जातो. त्यात युरिया घातला तर अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडची भर. घरचा कुकर इथे कामाचा नाही, तो 120 अंशांच्या पुढे जात नाही. मध्येच लाइट गेली तर ती खेप बाजूला ठेवा, उरलेले तास नंतर जोडू नका. ऑटोक्लेव्ह (टेफ्लॉनचं भांडं ज्यात बसतं ते घट्ट बंद पोलादी भांडं) नळाखाली धरून थंड करणं तर मुळीच नको. रात्रभर तसाच राहू द्या.

चमकतंय ते डॉटच का?

सालीतले फ्लेव्होनॉइड आणि इतर छोटे रेणूही चमकतात. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून ते आरामात निघून येतात, म्हणून 1000 डाल्टनच्या पिशवीत (म्हणजे फक्त छोटे रेणू बाहेर सोडणाऱ्या पडद्याच्या पिशवीत) पाण्यात बुडवून 24 तास डायलिसिस करा आणि दर 6 तासांनी पाणी बदला. बाहेरचं पाणी फेकण्याआधी त्यावर यूव्ही टॉर्च मारा. बहुतेक उजेड तिकडेच गेला असेल तर चमकत होते ते छोटे रेणू. टॉर्च 365 नॅनोमीटरची हवी; 395 ची स्वतःच जांभळी दिसते आणि नुसतं पाणीही चमकल्यासारखं वाटतं. फ्लोरिमीटरवर (चमक मोजणाऱ्या यंत्रावर) 360 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उद्दीपित केलं की 410 जवळ पाण्याचं रामन शिखर, म्हणजे पाण्यानेच विखुरलेला प्रकाश, येतं. ते डॉटच्या खात्यात मांडू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक

टेट्रासायक्लिन स्वतः 360 च्या आसपास प्रकाश शोषतं. 100 मायक्रोमोलर द्रावणाचं शोषण साधारण दीड भरतं, म्हणजे डॉटपर्यंत पोचायच्या आधीच बहुतेक प्रकाश संपतो. डॉटला काहीही न होता उजेड उतरतो. तपासायला सोपी युक्ती आहे: टेट्रासायक्लिन वेगळ्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक चौकोनी नळीत) भरून टॉर्च आणि डॉटच्या क्युव्हेटच्या मधे धरा. तरीही डॉट मंदावले तर ही नुसती सावली. सेन्सर म्हणून ते चालेलही, पण मग पावसाळ्यातलं गढूळ पिवळं तळ्याचं पाणीही तेच करणार. प्रत्येक नमुन्याचं शोषण मोजा आणि वाचनाला 10 चा (उद्दीपन तरंगलांबीवरचं शोषण + उत्सर्जन तरंगलांबीवरचं शोषण) ÷ 2 इतका घात लावून गुणा. 100 मायक्रोलिटर टाकल्यावर द्रावण पातळही होतं, म्हणून तितकंच पाणी टाकलेला कोरा नमुना सोबत हवाच.

बोअरचं पाणी हा दुसरा फास. लोह आणि तांबं डॉट विझवतात, कॅल्शियम-मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला धरून बसतात. म्हणून ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारं रसायन) घालतात, पण मोजून कोण घालतं? कठीणता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) 400 मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर ते लिटरला 4 मिलिमोल झालं. तिथे 1 मिलिमोलर ईडीटीए कुठे पुरणार? पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचं पाणी असेल तर डिस्टिल्ड वॉटरमधल्या आलेखावर विसंबू नका. त्याच पाण्यात ठरावीक टेट्रासायक्लिन मिसळून किती परत मिळतं ते पाहा.

साठा द्रावण 4.8 मिलिग्रॅम टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड 10 मिली पाण्यात, म्हणजे 1 मिलिमोलर. फॉइल गुंडाळा आणि रोज ताजं करा. उजेडात ते सडतं.

शेवटी एकक. 1 मायक्रोमोलर टेट्रासायक्लिन म्हणजे 444 मायक्रोग्रॅम प्रति लिटर. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) दुधातली मर्यादा 100 मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे साधारण 0.22 मायक्रोमोलर. तुमची शोधमर्यादा 1 मायक्रोमोलर असेल तर दुधाच्या तपासणीचा दावा अहवालात लिहू नका.