बादुआनजिन शिकताना पाचवी हालचाल कशी बसवावी

ची गाँग, म्हणजे श्वासाच्या लयीत सावकाश हालचाली करायचा चिनी व्यायाम, सुरू करायचं म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न, 'ऊर्जा' कधी जाणवते? तो विषय काही महिने बाजूला ठेवा. तळव्यांना मुंग्या आल्या तर आल्या, नाही आल्या तर व्यायामाचं काही अडत नाही. आणि रक्तदाबाची गोळी बंद करा असं सांगणारा शिक्षक भेटला, तर चपला घालून सरळ घरी यायचं.

ची गाँगचे प्रकार ढीगभर आहेत. नवख्याने बादुआनजिन घ्यावा. आठ हालचाली, सतरंजीएवढी जागा, बारा-पंधरा मिनिटं. प्रकार जुना आहे. बाराव्या शतकातल्या एका चिनी कथासंग्रहात मध्यरात्री उठून, बसल्या बसल्या बादुआनजिन करणाऱ्या अधिकाऱ्याचा उल्लेख सापडतो. आज सगळीकडे दिसते ती उभ्याने करायची प्रमाणित पद्धत चीनच्या क्रीडा खात्याने २००३ च्या सुमारास प्रसारात आणली. व्हिडिओ बघून शिकणार असाल तर तीच पद्धत दाखवणारा एक व्हिडिओ धरा आणि त्यालाच चिकटून राहा. तीन ठिकाणचं तीन प्रकारे उचलणाऱ्यांचं एकही धड होत नाही.

पोट हलकं, कपडे सैल, पाय अनवाणी किंवा सपाट तळव्याच्या बुटात.

सोप्या हालचाली आधी उरकू. पहिलीत बोटं गुंफून तळवे आकाशाकडे ढकलायचे. दुसरीत धनुष्य ओढायचं. तिसरीत एक तळवा वर रेटायचा, दुसरा खाली दाबायचा. चौथीत खांदे उघडून मान वळवत मागे बघायचं. सहावीत पाठीवरून, पायांवरून हात फिरवत पावलांपर्यंत वाकायचं; मणक्याचा त्रास असेल तर गुडघ्यापाशीच थांबा. सातवीत डोळे वटारून सावकाश ठोसा मारायचा. आठवीत टाचा उचलून सोडायच्या. प्रत्येक हालचाल सहा वेळा, डावी-उजवीकडची असेल तर तीन-तीन. आठवी तेवढी सात वेळा. श्वास नाकाने, वर जाताना आत, खाली येताना बाहेर, आणि कुठेही कोंडायचा नाही. जमत नसेल तर सुरुवातीला श्वासाकडे बघूच नका, आपोआप लागतो.

आता पाचवी. हिचं नाव 'डोकं हलवा, शेपूट डोलवा'. परंपरेत हिने हृदयातली आग शमते असं मानतात. मला हिनेच सगळ्यात जास्त छळलं, आणि बहुतेक लोक गुडघे दुखतात म्हणून ची गाँग सोडतात ते इथेच.

आधी मांड. पावलं खांद्यांपेक्षा बरीच रुंद, बोटं समोर. घोड्यावर बसल्यासारखं खाली यायचं, पण ते गुडघे पुढे ढकलून नाही, तर खुब्यात दुमडून, ढुंगण किंचित मागे नेत. गुडघे पावलांच्या बोटांच्या दिशेने. ते आत कोसळायला लागले की वर या, कितीही वर. 'मांडी जमिनीला समांतर हवी' हे वाक्य साठीच्या माणसाला सांगणाऱ्याने स्वतः तसं दहा मिनिटं उभं राहून दाखवावं. वीतभर खाली आलात तरी पुष्कळ झालं. तळवे गुडघ्यांच्या वर, मांडीवर नुसते टेकलेले. त्यांच्यावर भार टाकलात की खांदे कानाला लागतात आणि सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो.

मग फेरी. वजन उजव्या पायावर, धड उजवीकडे कललेलं, नजर उजव्या पावलावर. तिथून धड खालून, समोरून डावीकडे न्यायचं; नजर अजून उजव्या पावलावरच. आता माकडहाड उजवीकडून पुढे फिरवायचं आणि त्याच्या ओढीने डोकं डावीकडून मागून वर येऊ द्यायचं. हनुवटी आत, पुन्हा मांड. मग दुसऱ्या बाजूने.

घोळ होतो तो इथे. लोक डोक्याने फेरी मारतात. मान गरगर फिरवतात, कंबर जागच्या जागी, आणि तिसऱ्या फेरीला भिंत धरतात. गाडी माकडहाडाने हाकायची, डोकं मागून येणारा डबा. मान मागे टाकायची नाही, तिने फक्त सैल राहायचं. आणि गुडघे फेरीबरोबर फिरले तर समजा की खुबे अडकलेत. तसंच रेटत राहिलात तर दुखणं विकत घेताय.

खुबे मोकळे करायचे तर पहिले काही दिवस पाचवी पूर्ण करूच नका. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरा, जरासं खाली या आणि जात्याच्या खुंट्यासारखं फक्त माकडहाड गोल फिरवा, डोकं स्थिर. गुडघ्यांकडे बघत राहा. ते हलेनासे झाले की खुर्ची सोडा. मग धड अर्धंच वाकवून फेरी, आणि पूर्ण फेरी सगळ्यात शेवटी. हे कंटाळवाणं आहे आणि व्हिडिओत कुणी दाखवत नाही, पण गुडघे वाचवणारा दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. चक्कर येण्याचा त्रास, मानेचा स्पाँडिलायटिस किंवा मोतीबिंदूचं ताजं ऑपरेशन असेल तर डोकं खाली नेण्याचा भाग गाळा आणि खुर्चीवालाच प्रकार कायमचा ठेवा. डॉक्टरांनाही आधी विचारा.

आठवीत टाचा आदळायच्या नाहीत. चवड्यांवर वर, क्षणभर थांबा, अर्ध्यापर्यंत हळू खाली आणि शेवटचं बोटभर अंतर सोडून द्या. हाडं ठिसूळ असतील तर तेही सोडू नका, टेकवा. फ्लॅटमध्ये सकाळी सहाला करणाऱ्यांनी सतरंजी दुहेरी घालावी, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतात. शेवटी तळवे बेंबीखाली ठेवून चार-पाच श्वास, मग खोलीत दोन चकरा. लगेच खुर्चीत बसू नका, पाय आखडतात.