क्लाउड ऑथेंटिकेशनमध्ये थीसिस करायचाय? आधी वही घ्या

नागपुरात एम.टेक. करणारे ज्युनियर सिनॉप्सिसच्या दिवसांत हमखास विचारतात, "दादा, क्लाउड सिक्युरिटीत विषय घ्यायचा आहे, काय घेऊ?" माझा थीसिस युजरची ओळख उघड न करता त्याला लॉगिन कसं देता येईल यावर होता. म्हणून मी त्यांना विषय सुचवायच्या आधी एकच काम सांगतो: सर्व्हरला युजरबद्दल नेमकं काय कळायला हवं, ते लिहून काढा.

मिहानमधल्या (नागपूरचं उद्योग आणि आयटी क्षेत्र) एखाद्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन समुपदेशनाची सेवा घेतली आहे असं धरा. आलेला माणूस त्या कंपनीचा कर्मचारी आहे, एवढं कळलं की सेवा देता येते. पण नेहमीच्या लॉगिनमध्ये त्याचं नाव, ईमेल, आणि तो रात्री किती वाजता, किती वेळा आला, हे सगळं क्लाउडवर साठतं. डेटा कितीही एन्क्रिप्ट करा, ही नोंदच पुष्कळ काही सांगून जाते. 'हक्क आहे' हे सिद्ध करणं आणि 'मी अमुक आहे' हे सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिप्टोग्राफर डेव्हिड चॉम यांनी हे १९८० च्या दशकातच मांडलं. कामेनिश आणि लिस्यान्स्काया या संशोधकांची २००१ ची अनामिक क्रेडेन्शियल्स, म्हणजे नाव न सांगता हक्क सिद्ध करणारी डिजिटल प्रमाणपत्रं, त्याच वाटेवरची. सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं तरी वाचाच.

पण पेपर वाचून विषय हातात येत नाही. वही घ्या आणि श्नॉरचा प्रोटोकॉल, म्हणजे गुपित न सांगता ते आपल्याकडे आहे हे सिद्ध करण्याची पद्धत, छोट्या आकड्यांनी सोडवा. मॉड्युलस २३ (म्हणजे दर वेळी २३ ने भागून उरलेली बाकीच घ्यायची), पाया २. दोनचा अकरावा घात २३ ने भागला की बाकी १ उरते, म्हणून घातांकांचं गणित ११ च्या मॉड्युलोत चालतं. तुमचं गुपित ७. मग सार्वजनिक की, म्हणजे सर्व्हरला आधीच दिलेली संख्या, २ चा सातवा घात, म्हणजे १२८, बाकी १३. आता लॉगिन करा. एक यादृच्छिक संख्या घ्या, समजा ५. २ चा पाचवा घात ३२, बाकी ९, हे सर्व्हरला पाठवा. सर्व्हर आव्हान देतो ३. तुमचं उत्तर: ५ अधिक ३ गुणिले ७, म्हणजे २६, ११ ने भागून बाकी ४. सर्व्हर पडताळतो: २ चा चौथा घात १६. दुसरीकडे सार्वजनिक की १३, तिचा आव्हानाइतका घात म्हणजे घन, बाकी १२. त्याला तुम्ही पाठवलेल्या ९ ने गुणलं की १०८, बाकी १६. जुळलं! आणि ७ हा आकडा तारेवरून एकदाही गेला नाही.

आता तीच संख्या ५ पुन्हा वापरा. आव्हान ५ आलं तर उत्तर येतं ७. दोन उत्तरांतला फरक ३, आव्हानांतला २. अकराच्या मॉड्युलोत ३ भागिले २ म्हणजे ७, कारण २ गुणिले ७ म्हणजे १४, बाकी ३. गुपित उघडं पडलं. २०१० साली सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची सही करण्याची की अशाच चुकीमुळे फुटली होती. तिथे डिजिटल सहीची पद्धत वेगळी, ईसीडीएसए नावाची होती, दोष मात्र हाच. एवढं हाताने केलेल्या मुलाला रँडम नंबर जनरेटर का महत्त्वाचा, हे वेगळं समजावावं लागत नाही.

प्रत्यक्ष वापरातलं पाहायचं तर वेबऑथएन (पासवर्डऐवजी कीने लॉगिन करण्याचं वेब मानक) वापरून छोटं लॉगिन पान बनवा. त्यात प्रत्येक साइटसाठी वेगळी की-जोडी बनते, म्हणून दोन साइट्सना की ताडून तुम्हाला ओळखता येत नाही. नोकरीचा विचार असेल तर ओऑथ आणि ओपनआयडी कनेक्ट, म्हणजे एका खात्यावरून दुसऱ्या सेवेत प्रवेश देण्याची मानकं, तीही पक्की करा.

विषय निवडताना मी एका प्रश्नावर अडून बसतो, आणि तुम्हीही बसा: अनामिक युजरने गैरवापर केला तर त्याचा प्रवेश रद्द कसा करणार? नाव माहीत नाही, मग यादीतून काढणार कोणाला? ओळख उघडण्याचा अधिकार एकाच संस्थेकडे दिला, तर तिच्यावर सगळा विश्वास टाकावा लागतो. रद्द झालेल्यांची यादी दर वेळी तपासली, तर खर्च वाढतो आणि साध्या फोनवर लॉगिन रेंगाळतं. 'आमची योजना सुरक्षित आहे' म्हणणारे कितीतरी पेपर हा प्रश्न दोन ओळींत उरकतात. माझ्या मते थीसिसला खरी जागा तिथेच आहे. प्रोटोकॉल ठरला की तो प्रोव्हेरिफ किंवा टॅमरिन या प्रोटोकॉलमधल्या त्रुटी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासा. दोन्ही फुकट मिळतात. आणि गाईडना दाखवताना हल्लेखोराला काय काय करता येतं असं गृहीत धरलंय, ते पहिल्याच पानावर लिहा.