पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला गंजरोधक कोट कसा मारावा

कोकणात मे महिना लागला की गाडीखाली जळकं ऑइल फासा, असं सांगणारे हमखास भेटतात. फुकट मिळतं म्हणून फासू नका. पावसात ते धुऊन जातं आणि जाण्याआधी सस्पेन्शनचे रबरी बुश फुगवून ठेवतं.

गाडी रॅम्पवर किंवा भक्कम घोड्यांवर (लोखंडी जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. गोड्या पाण्याने धुवा, किनाऱ्यालगतच्या बोअरचं खारं पाणी नको. सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. पेट्रोलच्या टाकीजवळ ग्राइंडर अजिबात नको.

खरी मेख आहे ती सुकवण्यात. दोन पत्रे जिथे जोडलेत त्या शिवणींनी मला फार छळलंय. वरून हात फिरवावा तर खडखडीत, आणि कॉम्प्रेसरची हवा मारली की तांबूस पाण्याचा फवारा थेट तोंडावर. चष्मा घाला. हवा मारा, तासाभराने पुन्हा मारा, मग शिवणीवर कोरडा कागद दाबून बघा. डाग उमटला तर थांबा. घाईने कोट चढवलात तर पाणी आणि मीठ आतच कोंडतं. वरून सगळं काळंभोर दिसत राहतं, आणि फुगवटा आलाय म्हणून टोचून बघाल तर स्क्रूड्रायव्हर आरपार जातो.

सकाळी लवकर तर कोट मारूच नका. थंड पत्र्यावर दव धरतं, ते डोळ्यांना दिसतही नाही. पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा, किमान 3 अंश गरम हवा, हा रंगकामातला नियम आहे. मोजायला काही नसेल तर ऊन चांगलं तापू द्या. पण घासलेला उघडा पत्रा रात्रभरही ठेवू नका, सकाळी त्यावर भगवी झाक आलेली असते. घासणं, सुकवणं आणि प्रायमर एकाच दिवशी.

खड्ड्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा टिकाऊ थर बनवणारं द्रावण) लावा, हातमोजे घालून. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. मग झिंक फॉस्फेट प्रायमर, आणि त्यावर कोटचे दोन पातळ हात. एकच जाड हात मारला तर वर साय धरते आणि आत ओलं राहतं.

ब्रेक डिस्क, कॅलिपर, सेन्सर, सायलेन्सर आणि रबर आधीच झाकून घ्या. दरवाजांच्या आत डांबरी कोट मारणारे गॅरेजवाले टाळा. तिथे नळीने मेणाचा पातळ स्प्रे द्यावा, तो शिवणीत झिरपतो. दरवाजाखालची पाणी निघायची भोकं काम झाल्यावर काडी घालून मोकळी करा.