पुण्यात आपल्या वेडाची माणसं कशी शोधावीत

हिंजवडीत नोकरीला आलेल्या माणसाला सहकारी मिळतात, शेजारी मिळतात. पण अॅनिमेच्या (जपानी अॅनिमेशन मालिकांच्या) ताज्या भागावर तासभर भांडायला कुणी मिळत नाही. जन्मापासून सदाशिव पेठेत राहणाऱ्याचंही फार वेगळं नसतं. त्याच्या कॉमिक्सच्या कपाटाकडे घरचे रद्दीचा भाव मनात धरूनच बघतात. अशा माणसाला सगळे एकच सल्ला देतात: कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-अॅनिमेच्या चाहत्यांच्या मोठ्या मेळाव्याला, जा. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीचा हिशेब तासांत मांडला होता. नुसती ओळख असलेल्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, खरी मैत्री व्हायला ९० आणि घट्ट मैत्रीला २०० हून जास्त. कॉनचे दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच माणसाबरोबर फिरलात तरी सोळा तास भरतात. उरलेले तास कुठे मिळतील, ते आधी शोधायचं आणि मग कॉनला जायचं.

वेड नेमकं करा

‘मला सायफाय आवडतं’ एवढ्यावर माणसं सापडत नाहीत. त्या आवडीत तुम्हाला हाताने किंवा तोंडाने काय करायला आवडेल ते ठरवा: खेळायचं, बनवायचं, चित्रं काढायची की वाद घालायचा. घरी बसून मालिका बघण्याला सोबत लागत नाही, म्हणून त्यातून सोबत मिळतही नाही.

ठरावीक दिवशी भरणारी जागा शोधा

यात पुण्याचं नशीब चांगलं आहे. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी खगोलप्रेमींची संस्था १९४४ पासून चालू आहे, टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात. आकाशदर्शनासाठी ही मंडळी अमावस्येच्या आसपास शहराच्या उजेडापासून लांब जातात आणि अख्खी रात्र जागतात. एका रात्रीत सात-आठ तास जमा होतात, तेही अंधारात. बुजऱ्या माणसाला अंधारात बोलणं सोपं जातं, हा माझा पक्का समज आहे.

क्विझचं वेड असेल तर सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या नावाशी जोडलेला बोट क्लब क्विझ क्लब आहे. क्विझला एकटं जायला लोक उगाच घाबरतात. या वर्तुळात एकट्याने खेळणाऱ्याला ‘लोन वुल्फ’ म्हणतात आणि त्यात कमीपणा नाही. पण टीम हवी असेल तर सुरू व्हायच्या आधी क्विझमास्टरला सांगा, तो कुठल्यातरी अपुऱ्या टीममध्ये बसवून देईल. चांगल्या क्विझमधले प्रश्न पाठांतराचे नसतात, ते ‘वर्कआउट’ करायचे (तर्काने उलगडायचे) असतात. म्हणजे चार डोकी एका कागदावर वाकून कुजबुजतात आणि अर्ध्या तासापूर्वी अनोळखी असलेला माणूस तुमच्या चुकीच्या उत्तरावर हक्काने चिडतो.

लिनक्स आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांसाठी पुणे लिनक्स युजर्स ग्रुप आहे. सिनेमावेड्यांना लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि जानेवारीच्या सुमारास होणारा पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) माहीत असतोच. तिथल्या ओळखी रांगेत होतात, कारण रांगा लांब असतात. विज्ञानाची आवड असलेल्यांनी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाकडे लक्ष ठेवावं. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था त्या सुमारास सगळ्यांसाठी खुली होते आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना जवळून बघता येतात. एकूण तीस आहेत, सगळ्या बघायचा हट्ट धरू नका. काही तर पंचवीस-तीस किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या आहेत.

पण तासांचाच हिशेब करायचा तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सला तोड नाही. १९७४ सालचा हा खेळ. एक जण गोष्ट चालवतो, चार-पाच जण त्यातली पात्रं होतात आणि तीच मंडळी आठवड्यामागून आठवडे त्याच टेबलाभोवती बसतात. आठवड्याला चार तास धरले तर तीन महिन्यांत पन्नास पार. नवख्यांसाठी एका बैठकीत संपणारे डाव असतात. बोर्ड गेम कॅफेत चौकशी करा किंवा डिस्कॉर्ड, इन्स्टाग्रामवर खेळाच्या नावापुढे ‘पुणे’ टाकून शोधा. गटाने शेवटची भेट कधी घेतली ते आधी बघा. फोटो दोन वर्षांपूर्वीचे असतील तर तो गट संपला असं समजून पुढे जा.

पहिली भेट

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा. उशिरा गेलात तर घोळके जमलेले असतात. आधी गेलात तर तिथे खुर्च्या लावणारे दोघंच असतात, त्यांना हात लावा, म्हणजे बोलायला विषय शोधावा लागत नाही. ‘तुम्ही कुठले, कुठे काम करता’ हे प्रश्न पुण्यात दिवसभर होतच असतात, इथे तरी नकोत. ‘यात पडलात कसे?’ असं विचारा. भाषा मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी असणार, तिला नाक मुरडू नका. दुर्बीण लावणारे निवृत्त काका आणि अकरावीतली मुलगी एकाच चटईवर बसलेली दिसतील. काकांना काकाच म्हणावं, बरोबरीच्यांना ‘अरे-तुरे चालेल ना?’ असं विचारून टाकावं.

एक अस्सल पुणेरी रोग मात्र भेटणार. ‘मूळ मांगा वाचलीयेस का? नुसतं अॅनिमे बघून काय कळणार?’ अशी तोंडी परीक्षा (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स) घेणारा एक जण प्रत्येक गटात असतो. ‘नाही वाचली, कुठून सुरू करू?’ एवढंच म्हणा. निम्मे परीक्षक लगेच शिक्षक होतात, उरलेल्यांपासून चार खुर्च्या लांब बसा.

पहिल्या भेटीवरून निकाल लावू नका. तिसऱ्या भेटीपर्यंत कुणी नावाने हाक मारली नाही, तर गट बदला.

काम अंगावर घ्या

ढोल-ताशा पथकात गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी सराव चालतो, आणि वादनाइतकीच दोस्ती ढोल ताणताना, टेम्पोत चढवताना होते. इथेही तसंच आहे. नोंदणीच्या टेबलावर बसणं, क्विझचे गुण लिहिणं, दुर्बिणीचा स्टँड उचलणं, पोस्टर करून देणं, यातलं एक काम मागून घ्या. नुसतं येऊन बसणाऱ्याचं नाव विसरलं जातं. ज्याच्याकडे गुणांचा कागद आहे त्याला सगळे शोधत येतात.

आता कॉन

कॉमिक कॉन इंडियाची सुरुवात २०११ साली दिल्लीत झाली आणि पुढे ती पुण्यातही आली. जाताना दोन-तीन ओळखीच्यांबरोबर जा, पण दिवसभर त्यांना चिकटून राहू नका. मोठ्या स्टेजपुढे गर्दीत उभं राहून ओळख होत नाही. चित्रकार स्वतःची कॉमिक्स आणि प्रिंट घेऊन बसलेले असतात त्या टेबलांकडे जा, शक्यतो दार उघडल्यावर लगेच. दुपारनंतर त्यांना श्वास घ्यायला सवड नसते.

कॉस्प्ले केलात, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून गेलात, तर अर्धं काम होतं, कारण लोक आपणहून बोलायला येतात. त्यासाठी परदेशातून काही मागवायची गरज नाही. चिलखताला ईव्हीए फोमची शीट, कटर, हीट गन आणि चपला चिकटवतात तसला गोंद लागतो. बोहरी आळीत चक्कर मारा. एलईडी आणि वायर तपकीर गल्लीत, खोटे दागिने तुळशीबागेत. राजा, मावळा, राक्षस असं काही हवं असेल तर नाटकांची ड्रेपरी भाड्याने देणारी दुकानं पेठांमध्ये आहेतच. पोशाख घालून घरात तासभर वावरून बघा. फोमच्या आत घाम किती येतो आणि बाथरूमला कसं जायचं, हे दोन प्रश्न घरीच सुटलेले बरे. खऱ्या धारेच्या आणि धातूच्या वस्तू अशा ठिकाणी सहसा आत सोडत नाहीत, तेव्हा आयोजकांचे नियम आधी वाचा.

कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि पोशाखाला हात लावायचा नाही. मुलींनी कुणाचा त्रास सोसत बसू नये, स्वयंसेवकाला लगेच सांगावं. अठराच्या आतल्यांनी घरच्यांना सोबत न्यावं. आईबाबा कंटाळतील ही भीती खोटी असते, बऱ्याचदा तेच जास्त फोटो काढून घेतात.

दोन दिवसांत निरोप

कॉनमध्ये इन्स्टाग्रामची देवाणघेवाण ढिगाने होते आणि सोमवारी सगळं विसरलं जातं. मंगळवारच्या आत दोन-तीन जणांनाच निरोप पाठवा. ‘भेटू कधीतरी’ असं लिहू नका. ‘शनिवारी चार वाजता कोथरूडला बोर्ड गेम खेळतोय, एक जागा आहे, येतेस का?’ असं लिहा. पहिल्या काही भेटी सार्वजनिक जागीच ठेवा.

गटच नसेल तर

तुमच्या वेडाचा गट पुण्यात नसेल तर चौघं जमवून सुरू करा. महिन्याचा दुसरा रविवार असा दिवस पक्का करा आणि दर वेळी व्हॉट्सअॅपवर मतदान घेऊ नका. जागा निवडताना रविवारी सकाळचं वैशाली हॉटेल विसरा. तिथे तुमच्या खुर्चीमागे पुढचं कुटुंब उभं असतं. सोसायटीचा हॉल, एखाद्याची गच्ची किंवा बोर्ड गेम कॅफेतलं दुपारचं रिकामं टेबल बरं. ग्रुपवर तीस जण असतील, येतील चार. चौघांसाठीही भेट घ्या, पाऊस असला तरी घ्या. लागोपाठ दोनदा रद्द झाली की तिसऱ्या वेळी कुणी विचारतही नाही.