केस घरी नेऊ नये म्हणून: सोशल वर्करच्या रोजच्या कामातले काही उपाय

‘स्वतःची काळजी’ या विषयावर प्रशिक्षण होतं आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर त्याच फाइली असतात, तेवढेच फोन असतात. दीर्घ श्वास घ्या, छंद जोपासा, पुरेसं झोपा. यातलं काहीच चूक नाही. पण जिच्याकडे पेलवतील त्याच्या दुप्पट केसेस आहेत, तिला छंद जोपासायला सांगणं म्हणजे तिच्याच गळ्यात आणखी एक काम बांधणं. बरीच वर्षं फिल्डवर काढून आता मी इतरांचं सुपरव्हिजन करते, म्हणजे त्यांच्याबरोबर बसून त्यांच्या केसेसवर बोलते, मार्गदर्शन करते, आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. आपण दमतो ते बहुतेक वेळा काम ज्या पद्धतीने चालतं त्यामुळे, तेव्हा इलाजही आधी तिथेच शोधावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटचं वर्णन केलं. त्यात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की येणारी अवस्था, असं म्हटलंय. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. ताण कुणी हाताळायचा होता, ते त्या वाक्यात नाही. माझ्या हिशेबाने थोडा आपण, बराचसा संस्थेने. इथे मात्र आपल्या हातातलं आधी सांगते.

थकवा कोणता ते ओळखा

एक थकवा कामाच्या ढिगाचा. रिपोर्ट, मीटिंगा, प्रवास, एकाच माहितीचे चार ठिकाणी भरायचे चार तक्ते. रजा घेतली की हा उतरतो, परत आलं की दोन दिवसांत चढतो.

दुसरा थकवा ऐकलेल्याचा. मारहाण, अत्याचार, मृत्यू, मुलांचे हाल हे रोज ऐकून आपलीच जगाकडे बघायची नजर बदलते. मॅकॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही प्रक्रिया मांडली. ओळखायची खूण सोपी आहे. आपलं मूल शाळेतून यायला जरा उशीर झाला की मनात थेट सगळ्यात वाईट चित्र उभं राहतं. शेजारचा माणूस पोराशी हसून बोलला तरी संशय येतो.

तिसऱ्याबद्दल फार कमी बोललं जातं. काय करायला हवं ते कळतंय, पण करता येत नाही. निवाऱ्यात जागा नाही, कुटुंब योजनेच्या निकषात थोडक्यासाठी बसत नाही, वरचा अधिकारी सही करत नाही. नर्सिंगच्या संदर्भात तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये याला ‘मॉरल डिस्ट्रेस’ म्हटलं; आपल्या कामाला ते तंतोतंत लागू पडतं. हा थकवा रजेने उतरत नाही. उलट घरी बसल्यावर जास्तच टोचतो.

म्हणून पंधरा दिवस एवढंच करा. कामावरून निघताना डायरीत त्या दिवसापुरता एकच शब्द लिहा: ‘ढीग’, ‘ऐकलेलं’ किंवा ‘अडलेलं’. कारणं लिहू नका, सविस्तर लिहायला गेलात की चौथ्या दिवशी बंद पडेल. पंधरा दिवसांनी कोणता शब्द जास्त आला ते बघा. ‘ढीग’ असेल तर कामाच्या वाटपाबद्दल बोलावं लागेल, ‘ऐकलेलं’ असेल तर सुपरव्हिजन आणि केसेसची सरमिसळ बदलावी लागेल, ‘अडलेलं’ असेल तर कुठे अडलं याची लेखी नोंद करून ती वर पाठवावी लागेल.

झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, नशेचा आधार घ्यावासा वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. क्लायंटला आपण हेच सांगतो, आणि वेळ न घालवता सांगतो.

नोंद: सगळ्यात मोठा आराम इथे मिळतो

केस नोंदी म्हणजे कामाचा कंटाळवाणा भाग, असं नवे लोक समजतात. जुनेही समजतात. पण रात्री डोक्यात घोळणाऱ्या केसेस उघडून बघितल्या तर बहुतेकींची शेवटची नोंद मोघम असते. गृहभेटीनंतरची अशी नोंद मी कितीदा वाचली असेल:

‘आई मुलाबाबत बेफिकीर वाटली. घर अस्वच्छ. वातावरण तणावपूर्ण. फॉलोअप आवश्यक.’

यातून पुढच्या माणसाला काही कळत नाही आणि लिहिणारीचं मनही मोकळं होत नाही. तीच भेट अशी लिहिता येते:

‘दुपारी ४.१० ते ४.४५. घरी आई आणि सात महिन्यांचं बाळ. बाळ दोनदा रडलं. पहिल्यांदा आई जागची उठली नाही. दुसऱ्यांदा उचललं, बाळ लगेच शांत झालं. आई म्हणाली, “रात्रभर डोळ्याला डोळा नाही.” मोठा मुलगा शाळेत गेलाय असं तिने सांगितलं, पडताळलेलं नाही. माझा अंदाज: प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. दुसरी शक्यता: घरात मदतीला कोणीच नाही. पुढे: उद्या ११ पर्यंत मी शाळेला फोन करणार. आईच्या तपासणीची तारीख गुरुवारच्या भेटीत तिच्यासोबत ठरवणार.’

काय बदललं बघा. पाहिलेलं आणि ऐकलेलं आधी आलं, तेही माणसाच्या स्वतःच्या शब्दांत. न पडताळलेलं तसं सांगितलं. अंदाजाला अंदाज म्हटलं आणि त्याच्या शेजारी दुसरी शक्यता ठेवली. ही दुसरी शक्यता लिहायची सवय मी सगळ्यांना जबरदस्तीने लावते. पहिल्या भेटीत बसलेलं मत पुढच्या सहा भेटी आपल्याला हवं तेच दाखवत राहतं. शेजारी दुसरी ओळ असली की निदान डोळे उघडे राहतात.

आणि शेवटचं ‘पुढे’. कोण, काय, कधी. ‘फॉलोअप आवश्यक’ला तारीख नसते, म्हणून मन तो फॉलोअप रात्री दोन वाजता करतं. मासिकँपो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. अपुरं काम डोक्यात घोळत राहतं खरं, पण ते कधी आणि कसं करायचं याची ठोस योजना आखली की काम पुरं व्हायच्या आधीच घोळणं कमी होतं, असं त्यांत दिसलं. म्हणजे रिपोर्ट आज संपायलाच हवा असं नाही. त्याची वेळ ठरून कागदावर यायला हवी.

नोंद त्याच दिवशी लिहा. पूर्ण जमत नसेल तर मुद्दे तरी त्याच दिवशी. आणि ती ज्याच्याबद्दल आहे तो माणूस उद्या वाचणार आहे असं धरून लिहा. अनेक देशांत स्वतःची फाइल बघण्याचा हक्क आहेच. हे ध्यानात ठेवलं की ‘बेफिकीर’सारखी विशेषणं आपोआप गळतात.

दोन भेटींच्या मधे

एका घरातून निघून लगेच दुसऱ्या घराची कडी वाजवू नका. दहा मिनिटं वेळापत्रकातच धरा, ‘मिळाली तर’ नको. त्यात मुद्दे टिपा, पाणी प्या, आणि पुढच्या कुटुंबाची शेवटची नोंद वाचा. नाहीतर आधीच्या घरातला राग पुढच्या घरातल्या बापावर निघतो, आणि त्याला बिचाऱ्याला कारणही कळत नाही.

एकटीने भेटीला जात असाल तर कुठे, किती वाजेपर्यंत, हे एका सहकाऱ्याकडे नोंदवलेलं असलंच पाहिजे. ठरलेल्या वेळी तुमचा फोन आला नाही तर त्याने काय करायचं, तेही आधी ठरवा. घरात बसताना दाराकडची वाट मोकळी राहील असं बसा. अस्वस्थ वाटलं तर उठा; कारण नंतर शोधता येतं.

फोन

मर्यादा पहिल्याच भेटीत सांगायची. दमून गेल्यावर सांगितली की माणसाला ती शिक्षा वाटते. वाक्य साधं ठेवा: ‘मी सहापर्यंत फोन घेते. त्यानंतर जिवाला धोका असेल तर या हेल्पलाइनला लावा. बाकी काहीही असलं तरी मेसेज टाका, मी सकाळी बघते.’ आणि सकाळी खरंच बघा. सकाळचा भरवसा असला की रात्रीचे फोन कमी होतात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. कामाचा नंबर वेगळा हवा. संस्था देत नसेल तर लेखी मागा.

सुपरव्हिजन मागून घ्या

समाजकार्याचे अभ्यासक अल्फ्रेड कादुशिन यांनी १९७६ मध्ये सुपरव्हिजनची तीन कामं मांडली: प्रशासन, शिकवणं आणि आधार. प्रत्यक्षात पहिलं काम बाकी दोघांना गिळतं. ‘किती भेटी झाल्या, रिपोर्ट गेला का, बिलं जोडली का’ एवढ्यात तास संपतो.

तो तास वाचवायची युक्ती अशी. आकडे आदल्या दिवशी लिहून पाठवा, म्हणजे बैठकीत त्यांवर वेळ जाणार नाही. सगळ्या केसेस न्यायच्या नाहीत; एकच न्या, आणि काय हवंय ते आधी सांगा. ‘मला निर्णय हवाय’, ‘माझ्याबरोबर विचार करा’, ‘नुसतं ऐका’ या तीन वेगळ्या मागण्या आहेत. ऐकून घ्यायला आलेल्या माणसाला सल्ला मिळाला की तो पुढच्या वेळी येत नाही.

कोणती केस न्यावी हे कळत नसेल, तर जिची भेट तुम्ही पुढे ढकलताय ती न्या. मी सुपरव्हायझर म्हणून हाच प्रश्न विचारते: ‘कुणाकडे जायचं टाळतेयस?’ उत्तर यायला वेळ लागतो. पण ते आलं की बहुधा तिथेच भीती असते, नाहीतर त्या घरातलं कोणीतरी आपल्या घरातल्या कुणासारखं असतं. हे बोलायची जागा हीच आहे.

सुपरव्हायझर नसेल, किंवा असून नसल्यासारखा असेल, तर तिघा-चौघांचा गट करा. एकाने दहा मिनिटं केस मांडायची, नाव-गाव न सांगता. मधे कोणी बोलायचं नाही. मग फक्त प्रश्न. सल्ले सगळ्यात शेवटी, तेही मांडणाऱ्याने मागितले तरच. हा शेवटचा नियम पाळायला आपल्या क्षेत्रातल्या लोकांना भयंकर जड जातं.

केसचं वजन

‘माझ्याकडे चाळीस केसेस आहेत’ या वाक्याने वरिष्ठ हलत नाहीत, कारण शेजारणीकडेही चाळीसच आहेत. केसेस मोजू नका, तोला. महिन्यातून एक फोन पुरतो तिला एक गुण. नियमित भेटी लागतात तिला दोन. जिवाची जोखीम आहे, कोर्टात चालू आहे किंवा चार संस्थांशी समन्वय लागतो तिला तीन. बेरीज करून तक्ता ठेवा. नवी केस आली की तो दाखवून म्हणा: ‘घेते. तीन गुणांची आहे. यातली कोणती दुसऱ्याला द्यायची किंवा मागे ठेवायची, ते मेलवर कळवा.’ नकार देण्यापेक्षा हे सोपं जातं, आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहतो.

१९७९ मध्ये कामाच्या ताणाचे संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी मांडलं की कामाची मागणी जास्त आणि स्वतःच्या हातात निर्णय कमी, अशा जागी ताण सगळ्यात जास्त असतो. मागणी आपल्याला फारशी कमी करता येत नाही. निर्णय मात्र थोडे मागता येतात: भेटींचे वार स्वतः ठरवणं, आठवड्यातला अर्धा दिवस बिनमीटिंगचा, लागोपाठ दोन जड भेटी न लावणं. हे छोटं वाटतं, पण आधी हेच मागा. मिळायची शक्यता जास्त.

काही वाईट घडलं तर

क्लायंटने जीव दिला, मूल दगावलं, आपल्यावरच हल्ला झाला. अशा वेळी सगळ्यांना एका खोलीत बसवून लगेच सगळं बोलायला लावतात. हेतू चांगला असतो. पण अशा एकाच बैठकीच्या डिब्रीफिंगमुळे पुढचा आघातजन्य विकार टळतो असा पुरावा कोक्रेनच्या (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या) आढाव्यात मिळाला नाही, आणि ते सक्तीचं करू नये असंच त्यात सुचवलंय. पहिल्या दिवशी लागते ती व्यवहारातली मदत. त्या कार्यकर्तीला घरी कोण सोडणार, तिच्या उद्याच्या भेटी कोण घेणार, कुटुंबाला फोन कोण करणार. बोलायचं तर दार उघडं ठेवा, ढकलू नका. आणि महिनाभर विचारपूस चालू ठेवा, कारण तिसऱ्या दिवसानंतर सगळे विसरतात. चौकशी लागली तर बैठकीला तिला एकटीला पाठवू नका.

केस दुसऱ्याकडे देताना

बदली झाली, नोकरी सोडली की फाइल सरकते आणि कुटुंबाला नव्या माणसाकडून कळतं. ते वाईट. निदान एक भेट दोघींनी मिळून करा. जुनीने ओळख करून द्यावी आणि नंतर बहुतेक वेळ गप्प बसावं. फाइलच्या वरच्या पानावर चालू जोखीम, ठरलेल्या तारखा आणि दिलेली आश्वासनं लिहा. विशेषतः आश्वासनं, कारण कुटुंब ती विसरत नाही. त्याखाली कुठल्याच फॉर्मात नसते अशी एक ओळ: या घरात कसं बोलावं. ‘आजोबांना आधी बोलू द्या. मुलीला शाळेबद्दल विचारलं की ती गप्प होते, चित्रांबद्दल विचारा.’ ती वाचून गेलेल्या नव्या कार्यकर्तीची पहिली भेट फुकट जात नाही, आणि जुनीला ‘हे सांगायचं राहिलंच’ म्हणून नव्या नोकरीतून फोन करावा लागत नाही.