सहकाऱ्याला माफ करताना या चुका टाळा

एका सहकाऱ्याने माझं दोन आठवड्यांचं काम मीटिंगमध्ये स्वतःच्या नावावर खपवलं होतं. नंतर तो सॉरी म्हणाला, मी पण लगेच "जाऊ दे रे" म्हणून मोकळी झाले, आणि पुढचे चार महिने त्याचा मेल आला की कपाळाला आठ्या पडायच्या, रात्री डोळे मिटले की तीच मीटिंग समोर यायची.

सगळ्यात कॉमन चूक हीच आहे. तोंडाने माफ केलं की मनानेही झालं असं धरून चालणं. एव्हरेट वर्दिंग्टन हे मानसशास्त्रज्ञ यात दोन भाग करतात. एक निर्णयाची माफी, म्हणजे मी बदला घेणार नाही, नीट वागेन असं ठरवणं. दुसरी भावनेची, ज्यात आतला कडवटपणा खरंच कमी होतो. पहिली एका क्षणात होते, दुसरीला वेळ लागतो. त्यामुळे माफ करूनही राग येत असेल तर तुमची माफी खोटी नाहीये, अर्धं काम बाकी आहे इतकंच.

आणि हे बाकी राहिलेलं शरीराला जाणवतं हां. शार्लट विटव्हलिएट आणि त्यांच्या टीमने २००१ साली एक प्रयोग छापला, त्यात लोकांना आपल्याला दुखावणारा माणूस आठवायला सांगितलं, कधी मनात डूख धरून तर कधी माफ करतोय अशी कल्पना करून. डूख धरलेली असताना हृदयाचे ठोके आणि ब्लड प्रेशर जास्त वाढलं, घाम जास्त आला, भुवयांचे स्नायूसुद्धा जास्त आवळले गेले. म्हणजे माझ्या त्या आठ्या उगाच नव्हत्या! आता समोरचा माणूस रोज शेजारच्या डेस्कवर बसत असेल तर हे दिवसातून किती वेळा होत असेल बघा.

दुसरी चूक, माफी आणि विश्वास एकच समजणं. मी त्याला माफ केलं म्हणून पुढची फाईल डोळे झाकून त्याच्याकडे द्यायची असं कुठे आहे? राग सोडणं माझ्या हातात आहे, विश्वास त्याला वागण्यातून परत मिळवावा लागतो. कुणी काय केलं हे मेलवर लिहून ठेवा, त्याने माफी कमी होत नाही.

माणूस परत परत तेच करतोय आणि आपण परत परत माफ करतोय, हे तर नकोच. २०१० मध्ये नवराबायकोंवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की समोरचा चूक सुधारत नसताना माफ करत राहिलं तर स्वतःबद्दलचा आदर कमी होतो. ऑफिसमध्ये वेगळं काही घडत असेल असं मला वाटत नाही. आणि छळ किंवा अंगचटीला येणं असेल तर आधी तक्रार, माफीचं नंतर बघू.

मॅनेजर लोकांनो, दोघांना केबिनमध्ये बोलावून "चला हात मिळवा" प्लीज करू नका. ज्याला लागलंय त्याचं आधी पूर्ण ऐका.

सगळं करूनही राग परत उसळला तर? वर्दिंग्टन यांच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत. प्रसंग शांतपणे आठवायचा, समोरच्याच्या जागी उभं राहून बघायचं, माफी भेट म्हणून द्यायची, ती कुठेतरी लिहून पक्की करायची, आणि डळमळायला झालं की ते लिहिलेलं धरून ठेवायचं. मला दुसरी पायरी सगळ्यात जड गेली. त्याची नोकरी तेव्हा टांगणीला होती हे मला माहीत होतं, पण ते मनात घ्यायचंच नव्हतं.

शेवटी एक दिवस त्याला सरळ सांगितलं, "मी जाऊ दे म्हटलं होतं पण मला खूप लागलं होतं." तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या मीटिंगमध्ये त्याने पहिल्या स्लाईडवर माझं नाव टाकलं होतं.